सहाव्या महिन्यातला घास

१८ नोव्हेंबर, मुलुंड
पार्ल्याचं घर बंद करून लेकीकडे आले. शलाकाच्या दूध आटवायच्या गोळ्या सुरू. छातीतली गाठ दुधाचीच असं समजून सगळ्यांनी शेक सांगितला, एका डॉक्टरनेसुद्धा. निघाला कॅन्सर. आता शुक्रवारी ऑपरेशन. ईराला कालच सहा महिने पूर्ण. बाटली तोंडाला लावू देत नाही. वाटी-चमच्याने वरचं दूध, त्यातलं निम्मं माझ्या साडीवर.

१९ नोव्हें.
मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मऊ वरणभात लगेच सुरू करा, मीठ-साखर नको. मी डाळ-तांदूळ धुवायला घेतले तोच विहीणबाई ओट्याशी येऊन उभ्या.
"मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. सात भरू देत."
म्हटलं, "भूक काय पंचांग बघून लागते?"
"घरात आधीच काय कमी चाललंय? आणि भरवायला मामा तरी कुठे आहे?"
शलूला भाऊ नाही, हा माझा गुन्हा. जावयाकडे पाहिलं. नीलेश मोबाइलमध्ये. कुकर परत फळीवर ठेवला. आमच्या शाळेतल्या सिस्टर मूर्खपणाला तोंडावर मूर्खपणा म्हणायच्या. मी गप्प बसले. कॉन्व्हेंट फुकट गेलं.

२१ नोव्हें.
पोर भुकेने किरकिरते. शलू जवळ गेली की वासाने छातीशी तोंड घासते. म्हणून शलू दुसऱ्या खोलीत, दार लावून. दाराच्या दोन्ही बाजूंना रडं. बाहेर वि.बाईंची मालिका चालू.
शलू म्हणाली, "आई, पहिला घास मला भरवायचाय. शुक्रवारच्या आधी. पुढचं काही माहीत नाही ना."
"गप गं," म्हटलं.

२२ नोव्हें.
भांडले. शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढं. "तुमचे सात महिने भरेपर्यंत हिची आई..." वाक्य पुरं केलं नाही. वि.बाई पांढऱ्याफटक. आत गेल्या. बाहेर आल्या त्या हातात चांदीची वाटी घेऊन, पदराने पुसत.
"उद्या सकाळी करा. मी काही बोलायची नाही."
जिंकले. आनंद वगैरे झाला नाही.

२३ नोव्हें.
भात, वरण, तूप, सगळं चाळणीतून काढलं. शलूने न्हाऊन नवा कुडता घातला. ईराला मांडीवर घेतलं, घास ओठाला लावला. पोरीने मान फिरवली, ओढणीत तोंड खुपसलं आणि जो टाहो फोडला. पुन्हा. पुन्हा तेच. भात सगळा कुडत्यावर.
"मम्मी, तुम्ही घ्या हिला." शलू हे सासूला म्हणाली. मला नाही.
वि.बाईंनी खिडकीशी नेऊन कावळा दाखवला, बोटावरचा भात ओठाला टेकवला. पोरीने चाटला. मग स्वतःहून तोंड उघडलं.
"खातेय ना? झालं मग," शलू म्हणाली. कुडता बदलायला गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

२५ नोव्हें.
काल ऑपरेशन झालं. काढलेलं तपासायला पाठवलंय. कुठवर पसरलंय ते त्यानंतर. नीलेश हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी. आजपर्यंत मला कधी हाक मारली नव्हती. "आई," म्हणाला.

२९ नोव्हें.
रिपोर्ट नाही. शलू अजून हॉस्पिटलात. दुपारी तिचा फोन.
"काय दिलंत तिला?"
"सकाळी वरणभात, लाल भोपळा. अगं, विहीणबाईंनी..."
"कोणी भरवलं ते नको सांगूस. किती खाल्लं तेवढं सांग."
"अर्धी वाटी."
"मी घरी आल्यावर माझ्याकडून खाईल?"
फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. वि.बाई ईराला भरवत होत्या. खांद्यावर शलूची ती ओढणी. न धुतलेली. वरणाचा डाग तसाच.
"हे काय?"
"आईच्या ह्या वासात जेवायची सवय लागू दे. काल नुसती रडली. आज रडत रडत दोन घास घेतले."
मूर्खपणा आहे की काय, ठरवता येईना. वास तरी किती दिवस टिकणार त्या ओढणीला.
"संध्याकाळचं मी भरवते," म्हटलं, आणि ओढणी मागून घेतली.