पाठमोरे बाबा

बाळकुम,
माघ, १९९१

ती. बायजाआत्या हिच्या पायांशी भाचा रघु याचा दंडवत.

तुझा गुडघा कसा आहे? आईनं दोनदा विचारायला सांगितलंय, म्हणून पुन्हा विचारतो, गुडघा कसा आहे? (पंढरी, तुझ्या आईला पत्र मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.)

आत्या, मी पुस्तक काढलं. तेही कॉमिक, आणि तेही स्वतःच्या आयुष्याचं. हसू नकोस. त्यात राक्षस नाही, जादूगार नाही. मी, आई, मिठागर, बाबा आणि गावातली चार माणसं, एवढेच आहोत. वागळे इस्टेटमध्ये दिवसभर यंत्रांची ड्रॉइंगं ट्रेस करून पट्टीशिवाय माझा हात चालत नाही, त्यामुळे मिठागराचे बांध झकास आले, माणसं मात्र लोखंडी झाली. छापखान्यात गेलो तर मालक म्हणाला, छापण्यासारखं तुम्ही आयुष्यात केलंय काय? (प्रश्न रास्त होता, म्हणूनच राग आला.) मग स्टेशनाजवळ झेरॉक्स काढल्या आणि घरीच प्रकाशक झालो. शेवंतीकाकूनं घड्या घातल्या, मी पिना मारल्या. पानांना आकडे घालायचे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. आतला कागद बाहेर गेला, बाहेरचा आत, आणि सगळ्या प्रती तशाच टाचून झाल्या.

काळुरामकाकांच्या मुलीच्या हळदीला मी त्या वाटल्या. नको ती हौस! काळुरामकाका म्हणाले, माझं नाक एवढं आहे होय रे? (आहे.) नाथा रुसला, कारण त्याचा बैल पुस्तकात यायचा राहिला. बाबा मधल्याच पानावर वारतात आणि पुढच्या पानावर जिवंत कसे, हे मात्र कुणी विचारलं नाही. कारण कुणी तिथवर वाचलंच नव्हतं.

वाचलं ते आईनं. म्हणजे तिला अक्षर येत नाही, तिनं चित्रांवर बोट ठेवत ठेवत पाहिलं. मध्ये बाबांची तिरडी. शेवटच्या पानावर बाबा खांद्यावर फावडं टाकून मिठागरावर निघालेले. बराच वेळ तिथंच बोट. मग म्हणाली, "गेला न परत कामाला निंगाला. बरा केलास." मी म्हटलं, अगं आई, पानं चुकलीत, पिना काढून पुन्हा नीट लावतो. तर पुस्तक पदराखाली घेतलं. "हात नको लावू."  आत्या, मी उठून पाणी प्यायलो.

मग तिनं विचारलं, "सगल्या चित्रान त्याची पाठच काढलीस. तोंड कुठं हाय त्याचा?" मी सांगितलं, कलाकार असंच काढतात. म्हणाली, "कलाकाराचे बापाला तोंड नसतंय का?"

खरं तुला सांगतो. बाबा तापानं गेले तेव्हा मी पाच वर्षांचा. मला त्यांची पाठच आठवते, सकाळी बांधावरून जाणारी. घरात फोटो एकच, लग्नाचा, आणि त्यात मुंडावळ्यांच्या आड बाबा आहेत असं सगळे म्हणतात. बाहेर दिसतो फक्त नाकाचा शेंडा. शेंड्यावरून माणूस काढता येत नाही गं. आईला विचारलं, ते हसायचे कसे? ती सांगायला लागते आणि मग सांगवत नाही.

असो. बाकी सगळं क्षेम. उत्तराची वाट बघणारा,

तुझा रघु

ता. क. एक प्रत सोबत धाडतो. पानं लागली आहेत तशीच बघ, आईची तीच आज्ञा आहे.

ता. ता. क. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं लोक उगाच म्हणतात. (पंढरी, पुढचं जपून वाच.) सगळा गाव सांगतो, बायजाला मिशा लावल्या की झाला तिचा भाऊ. तेव्हा गुडघा बरा असो-नसो, पंढरीला घेऊन रविवारी ये आणि उजेडात अंगणात माझ्यासमोर बस. मिशा मी कागदावर काढीन, हसायचं तेवढं तू बघ. आईला अजून काही बोललेलो नाही. तू आलीस की शेवटच्या पानावर बाबांना तिच्याकडे वळवतो.