निकिताच्या हातातला माईक

६ ऑक्टोबर, सोमवार

फायनलला गेलो!! अगं माय, फायनलला! परभणीला, विद्यापीठात, समुद्रविज्ञान प्रश्नमंजुषेच्या फायनलला आमची ताडकळसची शाळा! बन्सीधर सरांनी मोबाईलवरचा निकाल पुन्हा पुन्हा वाचून दाखवला, तरी योगीराज म्हणतो, "सर, दुसरी शाळा असंल." नालायक.

टीममध्ये मी, तो अन् निकिता. समुद्र तिघांपैकी कुणीच पाहिलेला नाही. सरांनी पण नाही! सर म्हणाले, "चंद्रावर न जाता चंद्र शिकवतोच की मी."

खरं सांगायचं तर निकिताच्या जिवावर गेलो. प्रश्न अर्धा झाला की हिनं बझर दाबलेलाच. मला लय राग येतो. पण उत्तर बरोबर असतं, काय बोलणार?

बापू म्हणाले, "शाबास! पण समुद्र कशाला शिकवायलेत तुमाला? आपली गंगा हाय की." गोदावरीला ते गंगाच म्हणतात.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज सरांनी लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ कालवलं. "हा समुद्र. प्या." योगीराज खिडकीतून थुंकला, ते नेमकं हेडसरांच्या सायकलीवर. निकितानं घोट गिळला. म्हणे, "पाहिला न्हाई तर न्हाई, चाखला तरी."

समुद्रघोड्याचं मला आवडलं. त्यात पिलं नर सांभाळतो, स्वतःच्या पोटाच्या पिशवीत! आईला सांगितलं तर भाकरी थापता थापता थांबली. "खरं का?" मग म्हणाली, "त्याला तिथंच राहू दे बाई. हिकडं आला तर बाकीचे गडी जगू देणार न्हाईत." हसून हसून पोट दुखलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

निकिता आज पण सरावाला नाही. काल पण नव्हती. फायनल तोंडावर अन् महाराणी घरी! उद्या जाऊन झापतेच.

११ ऑक्टोबर, शनिवार

झापायला गेले अन् काय ऐकून आले!

निकिताच्या दारात पांढरी जीप. खाटेवर मेंदीनं मिशा लाल केलेला मुकादम. हा आमच्या बापूंचा पण मुकादम, दर साली आई-बापूला ऊसतोडीला हाच नेतो. मला वाटलं तोडीचं बोलायला आला असंल. तेवढ्यात निकिता साडी नेसून बाहेर आली, हातात चहाचा ट्रे. साडी! निकिता!

मागं हौदापाशी गाठली तिला. "काय चाललंय गं?"

"बुधवारी लग्न हाय माझं."

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं गंमत करायलीय.

मुकादमाच्या भाच्याशी. देवगाव फाट्याचा आहे. ऊसतोडीला जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला कारखान्यावर कुणी उभं करत नाही. दिवाळी झाली की ट्रक निघणार. म्हणून बायको पाहिजे, अन् आत्ताच पाहिजे! हे मला माहीत नाही असं नाही. मागच्या साली वर्गातल्या दोघी अशाच गेल्या, आम्ही जेवून आलो त्यांच्या लग्नात. पण निकिता?

तिच्या आईला, कडूबाई मावशीला म्हणाले, "मावशी, पंधरा वर्षांची हाय ती!"

"मी तेराची व्हते. मेले का?"

सोमवारी फायनलला मात्र सोडणार आहेत. तिचा बाप म्हणाला, पेपरात फोटो आला तर पाव्हण्यांत मान वाढंल. मुकादमानं पण मान डोलावली म्हणे, हुशार सून!

मी म्हणाले, सरांना सांगते. निकितानं माझं मनगट असं धरलं की वळ उठला. "सांगितलंस तर सोमवारीबी घरात कोंडतील. गप ऱ्हा. माझी शपथ हाय तुला."

१२ ऑक्टोबर, रविवार

जेवताना आई-बापूला सांगून टाकलं, सरांना नाही. बापूंनी ताट बाजूला सारलं. "लेकरू हाय ते! आमीबी तोडीला जातो, म्हणून काय पोटची लेकरं जुंपतो का?" पण उठून कुणाकडं गेले नाहीत. आई म्हणाली, मुकादमाच्या वाकड्यात कोण जाणार, त्याच्या उचलीचे पैसे फिटायचेत अजून.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सगळं लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

हॉल थंडगार. बाकीच्या शाळांची पोरं कोट घालून, टाय लावून. आमचे गणवेश, अन् योगीराजच्या तर चपलेचा अंगठा तुटलेला. मला वाटलं, आपली फजिती ठरलेली. पण निकिता! खारटपणा — बझर. भरती-ओहोटी — बझर. ऑक्टोपसची हृदयं किती — बझर, "तीन!" शेवटी आम्ही अन् नांदेडची एक शाळा बरोबरीत. शेवटचा प्रश्न, कोणत्या माशात नर पिलं… तिनं पुढचं ऐकलंच नाही. "समुद्रघोडा!"

पहिला नंबर!! सर स्टेजच्या खाली उभे राहून रडायलेत, योगीराज मला मिठी मारायलाय, मी त्याला ढकलायलेय. अन् विद्यापीठाच्या मॅडमनी निकिताच्या हातात माईक दिला. "बाळ, पुढं काय व्हायचंय तुला?"

निकितानं माईक दोन्ही हातांनी धरला. एकदम पुस्तकातल्या भाषेत बोलली, पाठ केल्यासारखी. "मॅडम, माझं वय पंधरा आहे. परवा बुधवारी सकाळी ताडकळसला माझं लग्न लावणार आहेत. मला करायचं नाही. कुणीतरी या."

मागच्या दोन-तीन पोरांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना भाषण वाटलं! मग त्यांच्या सरांनी त्यांचे हात धरले. सर तिथंच पायरीवर बसले. मॅडमनी तिच्या हातातला माईक काढायला बघितला, तर तिची बोटं सुटंनात.

नंतर मोठमोठी माणसं, फोनवर फोन. आम्ही एका खोलीत बसलो. मी तिला म्हणाले, "मला तरी सांगायचं!"

"तू पोटात ठेवलं असतंस का?"

नसतं ठेवलं. शपथ असून घरी सांगितलंच की.

"गणपतीतच सुपारी फुटली माझी," ती म्हणाली. "तवाच ठरवलं. फायनलला गेल्याबिगर विद्यापीठ दिसत न्हाई अन् जिंकल्याबिगर माईक मिळत न्हाई. मला काय तुझ्या समुद्राचं कौतुक हाय व्हय?"

अन् मी इतके दिवस तिच्या बझरवर जळत होते! निकिता आमच्यासोबत परत आली नाही. तिला परभणीतच ठेवून घेतलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लग्न झालं नाही! पोलिस आले, ग्रामसेवक आले, बाया-माणसांसमोर तिच्या बापाकडून लिहून घेतलं. निकिता वसतिगृहात राहणार, शाळा पण तिकडंच. मांडवातली बुंदी तशीच पडून, कुणी हात लावंना. कडूबाई मावशी दार लावून बसलीय. मला बघून कडी घातली. वाईट वाटलं, पण आनंद पण लय झाला, काय करू?

मुकादम जीपमधी बसताना एवढंच म्हणाला, "ट्रक काय थांबत नसतो कुणासाठी."

बापू घरी आल्यावर हात जोडून म्हणाले, "लेकरू सुटलं."

१८ ऑक्टोबर, शनिवार

पेपरात फोटो आला. निकिताचा चेहरा पुसट केलाय. मी मात्र दात काढून मधोमध! आईनं फोटो कापून देवाजवळ लावला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज झाली. आज सकाळी मुकादम आला, भाच्याला घेऊन. दोघं आमच्या खाटेवर बसलेत. बापू माझ्याकडं बघंनात. आई आतून तिची हिरवी साडी घेऊन आली अन् माझ्या हातात देऊन म्हणाली, "मंजे, ही नेस. अन् चहा तूच ने."