कावळ्याच्या वाट्याचा ग्लास

९ जून, सोमवार

हडपसरची कंपनी पण गेली.

बायकांसाठी टॅक्स्या, चालवणाऱ्या पण बायकाच. गाडी चालवून दाखवा म्हणाले, दाखवली. दोन खांबांच्या मधनं उलटी बाहेर काढली. टेस्ट घेणारा म्हणला, "मावशी, एक नंबर." मग काचेच्या खोलीत नेलं. तिथं शेफाली नावाची पोरगी, आमच्या पोरीच्या, पूर्वाच्याच वयाची. कॉम्प्युटरकडं बघत म्हणली, "मॅम, तुमच्या बॅकग्राउंड चेकमध्ये एक इश्यू आलाय."

म्हणलं, "दारूचा ना? मग बोल की. इथं आपण दोघीच आहोत."

लाजली बिचारी. मग तिला कावळ्याची गोष्ट सांगितली. हसून हसून तिच्या डोळ्यातलं काजळ पसरलं. माझी बस येईपर्यंत खाली उभी राहिली.

नोकरी नाही दिली.

१० जून

ती गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की आता लिहूनच ठेवते.

गेल्या वर्षीच्या पितृपंधरवड्यातली. गावच्या घरी ह्यांचं पान घातलं. खीर, वडे, अळूची भाजी. संजयभावजींनी भावाच्या आवडीचा देशीचा ग्लास पण आठवणीनं भरून ठेवला. पान पत्र्यावर ठेवलं. कावळा काही येईना. पंगत खोळंबली, पोरं रडायला लागली. मी म्हणलं, माणसाचं नाव पोपट, कावळा कशाला शिवतोय! जाऊबाईंनी डोळे वटारले. भावजी म्हणाले, "वहिनी, दादाच्या मनात कायतरी राहिलं असंल. तुमीच वर जाऊन बोला."

शिडीनं वर गेले. म्हणलं, एकट्याला प्यायला आवडत नाही ना तुम्हाला? घ्या, मी बसते. आणि ग्लास मीच रिकामा केला. तेवढ्यात कावळा आला अन् वडा घेऊन गेला. खाली सगळे हात जोडून उभे.

मग आमचा टेम्पो काढला. वारज्याला माल पोचवायचा होता. चौकात चाकाखाली कसलीतरी बाटली कर्रकन चेपली. ट्रॅफिकच्या मॅडम आडव्या आल्या. "बाई, प्यायलात?" म्हणलं, "मी कुठली, कावळ्याच्या वाट्याची होती ती." "आणि ही चाकाखालची बाटली?" म्हणलं, "ती पण आमच्या ह्यांचीच असंल."

इथं सगळे हसतात. पूर्वा सोडून.

११ जून

पूर्वा म्हणते, "आई, इंटरव्ह्यूला ती स्टोरी नको ना सांगत जाऊ. फनी नाहीये ते."

मग काय सांगू? कोर्टात वकील म्हणला होता, कबूल करा, दंड भरा, दोन मिनिटांत मोकळ्या. झाले मोकळी. येताना पेढे आणले. लायसन सहा महिने बंद राहिलं, परत सुरू झालं. मला वाटलं, झालं, मिटलं. कबूल केलं म्हणजे माझ्या नावापुढं कायमचं लागलं, हे पेढे खाताना कुणी बोललं नाही. वकिलानं पण दोन खाल्ले.

१३ जून, शुक्रवार

घंटागाडीच्या ठेकेदाराकडं गेले. त्याच्याकडं ड्रायव्हर पाहिजे, मला गाडी पाहिजे. सगळं बरं चाललेलं. मग कोणीतरी त्याच्या कानाला लागलं.

"ताई, प्यायची केस आहे म्हणे तुमच्यावर."

"तुमच्या ड्रायव्हरांत न पिणारा एक दाखवा, मी आत्ता घरी जाते."

हसला. म्हणला, "ते खरं आहे. पण गडी पिऊन चालवतो ते कुणी बघत नाही. बाई प्यायली की पेपरात येतं."

त्यानं पण काम नाही दिलं. नेहमीचंच.

१४ जून

पूर्वाला ऑफिसातनं ऑगस्टात बंगलोरला पाठवणारेत. दोन वर्षं. ती म्हणते, तू चल. तिथं मी काय करू, भाताला कन्नडमधनं हाका मारू?

भावजींचा फोन आला. "वहिनी, एकटी बाई शहरात ऱ्हाऊन काय करणार? मागची खोली रिकामीच हाय. कोंबड्या हायेत, वेळ जातो." चांगलं बोलतात. वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. लायसन बंद होतं तेव्हापासून टेम्पो त्यांच्याकडंच आहे. आता त्यावर त्यांच्या पोराचं नाव रंगवलंय.

त्या खोलीत एकदा शिरले की मी पोपटची विधवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. स्टिअरिंगवर असले की मी नुसती पुढं बघते. कुणाची कोण ते आठवत पण नाही.

काम मिळालं तर राहायचं. नाहीतर कोंबड्या. सरळ हिशोब.

१८ जून, बुधवार

मिळालं!

वारज्याचे अनंतराव. शाळेच्या व्हॅन चालवतात, चार-पाच आहेत. त्यांचा एक ड्रायव्हर महिनाअखेर सोडून चाललाय. आधीच सांगितलं, अहो, माझ्यावर केस झालीय, दारूची, कबूल केलीय. त्यांचा चेहरा पडला. मग पूर्वाचं न ऐकता कावळा काढला. टेबलावर हात आपटून हसले. बायकोला आतनं बोलावलं, "अगं ये, ऐक," म्हणून मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. दुसऱ्यांदा जास्त रंगली.

म्हणाले, "आमच्या वडलांना पण ग्लासाशिवाय कावळा शिवला नव्हता. तुम्ही तर देवाधर्माचं केलंत. कागदपत्रांचं मी बघतो. एक तारखेपासून या."

चावी दिली हातात. रस्ता बघून ठेवा म्हणाले, मुलं नसताना.

१९ जून

चावी उशाशी घेऊन झोपले. हे असते तर म्हणाले असते, माझ्याशी नाही कधी इतक्या प्रेमानं झोपलीस.

२२ जून

भावजींना कळवलं, कोंबड्यांना सांगा, मी येत नाही. जाऊबाई मागनं ओरडल्या, "ताई, पोरांना हसवत हसवत खड्ड्यात घालू नका." म्हणलं, खड्डे महापालिकेचे, हसणं माझं.

पूर्वानं मिठी मारली.

२५ जून, बुधवार

आज रस्ता बघायला गेले. मोकळी व्हॅन. शाळा सुटायची वेळ. बघते तर तोच चौक, आणि क्रॉसिंगवर त्याच मॅडम. सत्यशीला कांबळे, छातीवरच्या पट्टीवरनं नाव वाचलं. मला काय उकळी फुटली! गाडी बाजूला लावली आणि गेले.

"ओळखलंत का मॅडम? कावळ्याच्या वाट्याची."

ओळखलं. बघत राहिल्या. मागं व्हॅन बघितली, तिच्यावर शाळेचं नाव.

"ही तुम्ही चालवणार?"

"एक तारखेपासून. आता कावळ्याला सांगून ठेवलंय, तुझं तू पी."

हसल्या नाहीत. शिट्टी वाजवली, पोरांची एक रांग पलीकडं सोडली, मग परत आल्या. आवाज चढवला नाही.

"बाई, ती बाटली कुणाची होती माहितीये तुम्हाला?"

मी म्हणलं, कुठली?

"चाकाखालची. शाळेच्या पोरीची वॉटर बॅग होती ती. तुमच्या टेम्पोपुढनं मी तिला दप्तराला धरून मागं ओढली. बंद तुटून माझ्या हातात आला. बाटली तेवढी गेली."

विचारलं, मला तेव्हा का नाही सांगितलं?

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही हसत होतात."

पोरीला खरचटलं पण नव्हतं. आईबाप म्हणाले, केसमध्ये आमचं नाव नको. म्हणून नुसती पिऊन गाडी चालवल्याची केस लागली. पोरगी यंदा तिसरीत गेलीय. अजून ह्या बाजूनं रस्ता ओलांडत नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत चालत जाते, आणि तिथनं ओलांडून परत येते.

"ती बघा," म्हणाल्या.

बघितली. निळं दप्तर. एकटीच भिंतीच्या कडेनं चाललेली.

२६ जून

काही नाही.

२८ जून, शनिवार

पूर्वाला सांगितलं. ती पोळ्या करत होती, तव्यावरची जळली तरी उलटली नाही. मग म्हणली, "आई, तू कोर्टातनं पेढे घेऊन आलीस ना, तेव्हाच मला कसंतरी झालं होतं."

तिनं तेव्हा पेढा खाल्ला नव्हता. मी चिडवलं होतं तिला, पुण्यात राहून साखरेला भ्यायला लागलीस म्हणून.

२९ जून

गोष्टीतनं कावळा काढून बघितला. काय राहतं? नवरा नाही म्हणून एक बाई पत्र्यावर बसून प्यायली. बरं वाटलं तिला. मग गाडी चालवली. शाळा सुटली होती.

एवढंच राहतं. यात हसायचं कुठं ते सापडेना.

व्हॅनवर दुसरी कुणी बाई असती आणि आत माझी पूर्वा बसायची असती तर? तिला मी गोष्ट सांगू दिली असती का?

३० जून

भावजींना फोन केला. मागची खोली अजून रिकामी आहे का विचारलं. "तुमचीच हाय वहिनी," म्हणाले. एका शब्दानं चिडवलं नाही.

१ जुलै, मंगळवार

पोरं चढायच्या आत अनंतरावांकडं गेले. चावी आधी टेबलावर ठेवली, मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांना वाटलं, रंगवून सांगतेय. चहाचा कप खाली ठेवून हसायच्या तयारीत बसले होते. बायको पण दारात येऊन उभी राहिली.

कावळा आलाच नाही.