चौऱ्याण्णव सेकंदांचा लढा

३ जून, सकाळी
काल कारखान्याच्या गेटवर तीन गार्डांनी दादाला लोखंडी पाइपनं मारलं. त्याचा गुन्हा: ॲसिड विभागासाठी हातमोजे मागितले. दोन दात गेले, जबडा मोडला, डाव्या कानाचा पडदा फाटला. पॅकिंगमधल्या काकूंनी वरच्या खिडकीतून शूट केलं. चौऱ्याण्णव सेकंद. तो व्हिडिओ मी ऑनलाइन टाकला. चाळीस मिनिटांत उडवला. कारण, 'हिंसक मजकूर'. मारणाऱ्यांना मात्र कोणी उडवलं नाही!
घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. गप्प बसणार नाही.

४ जून
कामगारांचा ग्रुप काढला. अडतीस जण. रविवारी अकराला सगळ्यांनी एकदम टाकायचा. कुणाकुणाला उडवतील? अडतीस अंगठे आले. दादाला बोलता येत नाही. त्यानं कागदावर लिहिलं, अंगठ्यांवर जाऊ नकोस. निराशावादी झालाय. जबड्यामुळे असेल.

७ जून, ११.००
टाकला. मी.
११.०६. उडवला.

८ जून
बाकीच्यांची कारणं: बॅटरी, अंघोळ, पाहुणे. क्रेनवाले मामा म्हणाले, पोरी, मला वाटलं रात्रीचे अकरा. रात्रीही टाकला नव्हता.
असो. शत्रूची नस सापडली: रक्त. ते राखाडी केलं. उडवला. किंकाळ्या बंद केल्या. उडवला. पाइप लागतो तेवढे तुकडे कापले. तासभर टिकला! प्रगती आहे.

९ जून
सगळे तयार, पण प्रत्येकाची एक अट. वेल्डर म्हणतो, माझी पाठ कुणीही ओळखेल. मामा म्हणतात, माझी क्रेन दिसते. काकू म्हणतात, खिडकीची चौकट दिसली म्हणजे मीच दिसले. आई म्हणाली, मग दादालाही काप ना, सुटेल बिचारा. आईला राजकारण कळत नाही. पण सूचना चांगली होती. कापला. एकजूट महत्त्वाची.

१० जून
आता शिस्त. चुकून कुणी जुना टाकला तर सगळ्यांचीच अकाउंट बंद होतील. म्हणून आवृत्ती एकच: नऊ सेकंदांची. जुना व्हिडिओ डिलीट करायचा, ट्रॅशही रिकामा, आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. आधी मी केला. नेत्यानं पुढे असावं. वीस मिनिटांत सगळ्यांचे स्क्रीनशॉट! इतकी एकी मी आयुष्यात पाहिली नाही.

११ जून
गार्डांनी काकूंचा फोन तपासला. काही सापडलं नाही. म्हणून त्यांची दोन बोटं दारात चेंगरली. हाडं बाहेर आली होती. मी म्हणाले, काकू, आपण जिंकलो, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. काकू म्हणाल्या, लागली की. माझी बोटं.
वेदनेत माणूस असं बोलतो.

१४ जून, ११.००
एकोणतीस जणांनी टाकला! एकोणतीस!
११.४०. आहे.
संध्याकाळी. अजून आहे. एकही उडवला नाही. घाबरले! मी रडले. दादानं नऊ सेकंद पाहिले आणि भिंतीकडे तोंड केलं. भारावला असावा.

१९ जून
कामगार कार्यालयात दादाच्या तक्रारीची सुनावणी. अधिकाऱ्यांनी व्हिडिओ मागितला. मी दाखवला. बंद गेट, थोडं आकाश. त्यांनी विचारलं, मारहाण कुठाय? मी म्हणाले, याच्या आधी आणि नंतर. मूळ व्हिडिओ? मी डिलीट केल्याचे स्क्रीनशॉट दाखवले.
कंपनीचे वकील उठले आणि ताई म्हणून फार अदबीनं लिंक मागितली. मग आपलं म्हणणं लिहून वाचून दाखवलं की त्या दिवशी गेटवर पूर्ण शांतता होती, आणि एकोणतीस कामगार स्वतःच तसं दाखवतात.
आमचा व्हिडिओ पुरावा म्हणून दाखल झाला. त्यांच्या बाजूनं.