एकोणपन्नास दिवसांची वाळू

अल खोर, कतार
सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. कमल हिला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे केरात टाकलं नसशील, तर वाच. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस असं देवव्रत म्हणतो. असू दे. शेजारचे विजयकुमार शुक्रवारी नाशिकला निघालेत. इथून कोणी गावाला निघालं की त्याच्या बॅगेत चार घरांचं सामान जातं, कुणाचा खजूर, कुणाची औषधं. मी म्हटलं, माझं एक पाकीट न्याल का? तर म्हणाले, "मावशी, हल्ली पत्र कोण लिहितं?" म्हटलं, ज्याला दुसरा रस्ता उरत नाही तो लिहितो.

आमचं बरं चाललंय. थंडी छान पडलीये, सकाळी शाल लागते. देवव्रत उजाडायच्या आत कंपनीच्या बसने रास लफानला जातो. आसावरी गाडी घेऊन वेस्ट बेला, तिच्या ऑफिसात. दोघंही परत येईपर्यंत दिवेलागण होते. उर्वी अकराची झाली. दुपारी शाळेची बस तिला सोडते, तेव्हापासून ती आणि मी. मी आले तेव्हा पोरगी माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. आपण विचारावं, "भूक लागली का गं?" आणि तिने म्हणावं, "नॉट रिअली, आजी." की संपलं संभाषण.

आता हसू नकोस. मी हल्ली चिनी मारामारीची पुस्तकं वाचते.

अगं, चित्रांची पुस्तकं. कुठल्याशा शेकडो वर्षांपूर्वीच्या चिनी कादंबरीवरून काढलेली, एकेक पाटीएवढं मोठं, असे बारा भाग. शेजारच्या इनायाकडे सगळे आहेत. ती उर्वीच्याच वर्गात, माणसं हैदराबादची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण त्या चित्रकाराचा हात काय आहे, बाई! पानंच्या पानं एक शब्द नसतो, नुसती तलवार, वारा आणि बाह्या. बाह्यांना काय घेर दिलाय! चाळीस वर्षं ब्लाउज शिवण्यात गेली माझी, पण कापड असं उडताना मी कागदावर पाहिलं नव्हतं.

गोष्ट एका मुलीची. तिच्या आईबापांना कोणीतरी मारलेलं असतं आणि ती डोंगरावरच्या म्हाताऱ्या गुरुबाईकडे विद्या शिकायला जाते. आमचा सौदा असा ठरला की उर्वीने पान इंग्रजीत वाचायचं आणि मग मला मराठीत सांगायचं. महिन्याभरात पोरगी "आजी, ती त्याला धोपटते" म्हणायला लागली. आसावरी म्हणाली, "आई, तुम्ही जादू केलीत." खोटं कशाला सांगू, मी फुशारून गेले. या घरात मी कुणाच्या उपयोगी पडले ते हे पहिल्यांदाच.

मारेकरी नवव्या भागात सापडतो. चहा विकणारा साधा म्हातारा निघतो. उर्वी म्हणाली, "आजी, ही लुक्स सो नाइस." मी पान उलटलं.

चौथ्या भागात गुरुबाई त्या मुलीच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधते. रोज एकेक मूठ वाळू वाढवायची, असे एकोणपन्नास दिवस. मग पिशव्या सोडायच्या, की अंग असं हलकं होतं की माणूस या छपरावरून त्या छपरावर उडत जातो. उर्वी म्हणाली, "आजी, मला शिवून दे ना." आख्खं वाक्य मराठीत. मी देवव्रतची जुनी जीन्स फाडली, दुहेरी टीप घातली, वाळू भरायला वरून झडप ठेवली, बांधायला नाड्या लावल्या. वाळूला इथे काय तोटा! देवव्रत म्हणाला, चांगलाय व्यायाम. अठ्ठावीस नोव्हेंबरला तिने पहिली मूठ घातली. भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, त्यावर रोज एक फुली पडते.

बाकीचं उद्या लिहिते. हात भरून आला.

बुधवार, १४ जानेवारी

काल लिहिलं नाही. आजही लिहू नये असं वाटत होतं. आज कोणता दिवस आहे ते तुला मी सांगायला नको.

तीळगूळ केला, शेजारी दिला. इनाया हातात लाडू घेऊन दारात उभी होती. मी हिंदीत विचारलं, परवा सुट्टी, काय बेत? ती म्हणाली, "दादी, उर्वी हमारे घर आएगी. छत से."

मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात सगळं एकदम जुळलं. मागच्या आठवड्यात उर्वीने माझी शिवणाची टेप मागितली होती. दोन घरांमध्ये बोळ आहे, एसीची यंत्रं ठेवलेली. त्या बोळाची रुंदी मोजायची, शाळेचा प्रोजेक्ट आहे म्हणाली. मी टेपचं एक टोक धरून उभी राहिले, कमल! दीड टेप भरलं. सव्वादोन मीटर. "गुड," म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. आणि मी वर म्हटलं, शाबास.

कॅलेंडर बघितलं. उद्या एकोणपन्नासावी फुली. शुक्रवारी पिशव्या सुटणार.

मी तिला बोलावून खडसावलं. ती शांतपणे म्हणाली, "आजी, प्रॉमिस, नाही करणार." पण त्या पुस्तकातली मुलगीसुद्धा गुरुबाईला असंच वचन देते आणि पुढच्याच पानावर मोडते. ते पान आम्ही दोघींनी मिळून वाचलंय.

कमल, मला भीती वाटते. भीती म्हणजे कशी, तर भाजी चिरताना सुरी ठेवून मी उठते आणि जिन्यावरचं दार बघून येते. मग पुन्हा बसते, पुन्हा उठते. दुपारपासून किती खेपा झाल्या देव जाणे. गच्चीवर मी जात नाही, ते तुला माहीत आहे. एकोणतीस वर्षांत कुठल्याच गच्चीवर गेले नाही. इथे कपडेसुद्धा खाली मागच्या अंगणात वाळत घालते. त्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत जाते आणि मान वर करून कडी बघते.

ती कडीही आज संध्याकाळीच बसवलेली. देवव्रतला सांगितलं, मांजरं वर जाऊन घाण करतात, उंच कडी लाव. दाराच्या अगदी वरच्या टोकाला लावून घेतली. पोरीचा हात पोचत नाही. खरं कारण काही मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर आसावरी पुस्तकं बंद करणार, मराठी बंद होणार, आणि मग देवव्रत म्हणणार, "आई, एवढी का घाबरतेस? पियूषदादाचं आठवलं का?" मग तो बायकोला ती गोष्ट सांगणार. त्याला पाठ आहे. संक्रांतीला मावशीचा पियूष आपल्याकडे आला होता. आईने गच्चीच्या दाराला कडी घातली होती. पियूष भारी आगाऊ, त्याने स्टूल आणून कडी काढली आणि पतंग घेऊन वर गेला.

ही गोष्ट त्याच्या तोंडून मला ऐकवत नाही. कधीच ऐकवली नाही.

उद्या गुरुवार. दोघंही कामावर असतील. शुक्रवारी सगळे घरात असतात, तेव्हा तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं ठरवलंय. हे पत्र तुला पाठवेन की नाही, अजून नक्की नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी, सकाळ

विजयकुमार अकराला निघणार. भराभर लिहिते. अक्षर वाकडं येईल.

शुक्रवारी सगळे घरात असतात हे मी ध्यानात ठेवलं, पण अकरा वर्षांच्या पोरीलाही ते कळतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. काल दुपारी ती जेवली, म्हणाली अभ्यास करते. मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि घर फारच शांत वाटलं.

बाहेर आले. जिन्याच्या वरच्या टोकाला, दारापाशी, माझ्या शिवणयंत्राचं स्टूल होतं. दार सताड उघडं. पायरीवर दोन्ही वाळूच्या पिशव्या सोडून ठेवलेल्या, शेजारी शेजारी, नीट.

कमल, मी ते स्टूल बघून जागच्या जागी थिजले. तुला ते नाही कळायचं. आत्ता कळेल.

मी वर गेले. कशी गेले ते विचारू नकोस, गुडघ्यांवर गेले असेन. उर्वी कठड्यावर उभी होती, अनवाणी, हात पसरून. पलीकडच्या गच्चीवर इनाया, तोंडावर दोन्ही हात. खाली तो बोळ. हाक मारली तर दचकेल, धावले तर उडी मारेल. मी मटकन खाली बसले आणि हळू आवाजात म्हटलं, "उर्वी, मला धर गं. मला चक्कर येतेय." युक्ती म्हणून म्हटलं, पण खरंच सगळं फिरत होतं. तिने मागे वळून पाहिलं. एकदा पलीकडे पाहिलं. मग कठड्यावरून आतल्या बाजूला उतरली आणि माझ्याकडे पळत आली. म्हाताऱ्या माणसाला पडू द्यायचं नाही, हेही त्या पुस्तकांतच आहे म्हणे. मी तिचा दंड असा धरला की अजून वळ आहे.

रडत म्हणाली, "आय ट्रेन्ड सो हार्ड, आजी. मला जमलं असतं." मग माझं तोंड बघून घाबरली. विचारलं, "तू का रडतेस? मी पडले नाही ना."

तिथेच गच्चीवर बसून मी तिला सांगितलं. तिच्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. रात्री देवव्रत आणि आसावरीला सांगितलं. आता तुला.

त्या दिवशी मी दाराला कडी घातली नव्हती. सकाळी पापड वाळत घालायला वर गेले, खाली आले, एका बाईला ब्लाउज संध्याकाळपर्यंत हवा होता, मशीनवर बसले आणि विसरून गेले. पियूषने मला दोनदा विचारलं, मावशी, वर जाऊ? मी मान वर न करता म्हटलं, जा रे, त्रास देऊ नकोस. हो कमल, मी "जा" म्हटलं होतं.

मग तो आवाज आला. मी जिन्यात धावले, दार उघडं दिसलं, कठड्यापाशी गेले, खाली बघितलं. तो अंगणात पडला होता. आणि मी काय केलं? लोक गोळा व्हायच्या आत मी घरात जाऊन मशीनपुढचं स्टूल उचललं आणि दारापाशी नेऊन ठेवलं. आधी ते. मग खाली गेले त्याच्याकडे. डॉक्टर म्हणाले होते की तो लगेच गेला, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? तो खाली एकटा होता आणि मी स्टूल सरकवत होते.

पंचनाम्यात स्टूल आलं. देवव्रतनेही ते बघितलं, दहा वर्षांच्या पोराने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. तू पोचलीस तेव्हा मी तुझ्या तोंडावर म्हणाले, "तुझ्या पोराला वळणच नव्हतं." भाऊजी मरेपर्यंत तुलाच बोलत राहिले, तुझ्या लाडांनी गेला म्हणून. मी त्यांच्या समोर बसून चहा पीत होते आणि गप्प होते. पोलिसांची भीती, नवऱ्याची भीती, पण सगळ्यांत जास्त तुझी. तू माझ्याकडे कशी बघशील त्याची. तुझं माझ्याशी बोलणं तुटलं ते माझ्या त्या एका वाक्यावरून, आणि मला मनातून बरंच वाटलं, की आता हिच्या डोळ्यांना डोळा द्यावा लागणार नाही.

देवव्रत काल सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "आई, मीसुद्धा त्याला आगाऊच म्हणत आलो." मग उठून आत गेला. आज सकाळी माझ्याशी बोलला नाही. आसावरीने सांगितलंय, पुढच्या आठवड्यापासून उर्वी शाळेतून परस्पर इनायाच्या आईकडे जाईल. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिचं बरोबर आहे. मीसुद्धा माझ्यावर पोर सोपवलं नसतं.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. हे पत्र कुणालाही दाखव. भाऊजींच्या भावांना दाखव, शेजारपाजारच्यांना दाखव, ज्यांनी ज्यांनी तुला बोल लावला त्या प्रत्येकाला वाचून दाखव. मी लिहून दिलंय, खाली सही करते.

पियूष आगाऊ नव्हता. तो स्टुलावर चढला नाही. त्याने दोनदा विचारलं आणि मोठ्या माणसाने हो म्हटल्यावरच वर गेला. तू त्याला उत्तम वळण लावलं होतंस.

पियूषची मावशी,
सरोज