अंगुस्तानातली गोळी

सिस्टर,

तुम्ही दिलेलं अंगुस्तान आज पुन्हा बोटात घातलं. शिवायला नाही, सुई धरून आता बरेच महिने झाले. औषधाच्या पट्टीतून गोळी बाहेर ढकलायला घातलं. माझ्या बोटांच्या टोकांना चिरा पडल्या आहेत, धारदार कागदाने कापाव्यात तशा, आणि पट्टीमागचा चंदेरी कागद फोडायला जोर दिला की कळ कोपरापर्यंत जाते. मग मला शिवणाच्या डब्यातली ती लहानशी पत्र्याची टोपी आठवली. तिने काम झालं. गोळी बशीत पडली. ती आता माझ्यासमोर आहे, शेजारी पाण्याचा पेला आहे. पण आजची गोळी घ्यायची नाही, असं काल संध्याकाळी दवाखान्यातून फोनवर सांगितलं आहे. तेवढ्या एका वाक्याने मी सकाळपासून अशी भेदरले आहे की कुणाशी तरी बोलल्याशिवाय जमणार नाही. घरात माणसं आहेत, पण त्यांना मला धीर द्यावा लागेल, आणि मला आज कुणी धीर द्यायला नको आहे. तुम्ही कधी धीर द्यायचा नाहीत. शाळेत शिवणाच्या तासाला तुम्ही म्हणायचात, "मागून दाखव."

मला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, सिस्टर. तंबाखू, विडी यातलं काही आमच्या घरात कधी आलं नाही. आला तो साध्या खोकल्याच्या वेषात आला. मला वाटलं होतं, आता केस जाणार, सलाईन लागणार. पण डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं की माझ्या गाठीत एक ठरावीक दोष आहे आणि नेमक्या त्या दोषावर चालणारी गोळी निघाली आहे. रोज एक, घरी बसून. मी ती घेऊ लागले आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठ चक्क लहान झालेली दिसली. आमचे हे, ज्यांनी लग्नातसुद्धा चारचौघांत माझा हात धरला नव्हता, त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात माझा हात धरला. त्या दिवसापासून मी या गोळीला औषध म्हणून बघितलंच नाही. मी तिला दोरी म्हणून बघते. विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाने दोरीबद्दल तक्रार करायची नसते. हाताला काचली तरी.

आणि काचते ती. नाकावर, गालांवर, कपाळावर पिवळ्या तोंडाचे फोड येतात, वयात येणाऱ्या मुलीला यावेत तसे, फक्त हे आग आग करतात. पायाच्या अंगठ्याचं नख कडेने सुजलं आहे. तोंड आलेलं असतं, त्यामुळे शेंगाचटणी नुसती वासावर. आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा लहानसा कारखाना आहे, घरात टॉवेलांची कधी वाण नाही. पण त्या टॉवेलांचे मऊ मऊ फासे माझ्या बोटांच्या चिरांत अडकतात आणि मी ओरडते. ह्यांनी जुनी मलमलची धोतरं फाडून मला पुसायला दिली आहेत. आणि जुलाब. त्याबद्दल तुम्हाला लिहायची लाज वाटते, पण सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

डॉक्टरांनी हे सगळं आधीच सांगितलं होतं. तरुण आहेत, मला काकू म्हणतात. "काकू, असं असं होईल. झालं की मला सांगायचं. अंगावर काढायचं नाही." मलम दिलं, उन्हात जाऊ नका म्हणाले, जुलाबाच्या गोळ्या दिल्या. मी मान हलवली. मान हलवण्यात मी तुमच्या शाळेत असल्यापासून हुशार आहे.

सुरुवातीला मी डॉक्टरांशी खोटं बोलत नव्हते. मग एकदा दवाखान्यातल्या बाकावर शेजारी सांगोल्याचे एक गृहस्थ भेटले, डाळिंबाची बाग असलेले, डोक्याला फेटा, तोंडावर माझ्यासारखेच फोड. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसले. "ताई, तुमाला बी तीच गोळी व्हय? मला आमची मंडळी म्हनती, म्हातारपनी मुरुमं आली, आता दुसरी बघताव काय!" मी किती दिवसांनी मोकळी हसले. मग त्यांना आत बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता ही गोळी काही दिवस बंद ठेवू या." ते बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. फेटा काढून हातात घेतला होता. त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत. त्यांचा वार बदलला असेल, दुसऱ्या दवाखान्यात गेले असतील, बरे होऊन बागेत फिरत असतील. विचारलं असतं तर कळलं असतं. कळेल म्हणूनच मी विचारलं नाही.

तेव्हापासून डॉक्टरांनी "त्रास?" म्हटलं की मी "ठीक आहे" म्हणते. जुलाबाच्या गोळ्या संपल्या, पण पुन्हा मागितल्या तर किती वेळा होतात ते विचारतील, म्हणून मागितल्या नाहीत. हात पदराखाली. नाकागालांवर मास्क. राहिलं कपाळ. आणि कपाळाचं मी काय केलं, ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

तुम्हाला तो शिवणाचा तास आठवतो का? मी चौथीत असेन. आपल्या वर्गाच्या खिडकीतून गुलमोहराच्या शेंगा दिसत. वर्गात इंग्रजीच बोलायचं असा नियम, पण रागावताना तुम्ही मराठीत यायचात, आणि ते मराठी केरळातून निघून वाटेत चार ठिकाणी थांबून आल्यासारखं असायचं. आम्ही रुमालावर फूल काढत होतो. सगळ्या मुली वरून फूल दाखवत आणि तुम्ही वरून बघायचाच नाहीत. कापड हातात घेऊन उलटं करायचात. वर फूल कसलंही असो, मागे दोरे कसे गेलेत, गाठ कुठे मारली, यावर मार्क. माझं कापड उलटं केलंत आणि तुमच्या भुवया वर गेल्या. मागे लाल ठिपके. मी उघड्या बोटाने सुई ढकलत होते, बोट टोचून टोचून फुटलं होतं, आणि रक्त मी मागच्या बाजूला पुसत होते.

"दुखते?"

"नो, सिस्टर."

"बोट दाखव. खिशातला रुमाल काढ, बांधू."

रुमाल मला काढायचा नव्हता. तो राखाडी झालेला होता. आई रोज आंघोळीनंतर माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची, आमच्यात ती लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. आणि मी रोज शाळेच्या फाटकाशी ती रुमालाने पुसायचे, कारण वर्गात माझ्या एकटीच्याच कपाळावर असायची. संध्याकाळी आईला सांगायचे की घामाने गेली. तुम्ही रुमाल हातात घेतलात, झटकलात, राख उडाली.

"हे कोण लावते?"

"आई."

"पुसते कोण?"

 तुम्ही मला वर्गातून उठवून थेट तुमच्या मठाच्या स्वयंपाकघरात नेलंत. मुलींना तिथे जायची बंदी होती. खोबरेल तेलाचा वास, मोठ्या पातेल्यात जाड तांदळाची पेज. नळाखाली माझं बोट धरलंत, मग रुमाल धुतलात, स्वतः, साबण लावून. "आईला घाबरते, मला घाबरते. मग देवाला कोण घाबरणार?" मला हसू आलं आणि रडूही. मग तुम्ही रागावलात, खरंच रागावलात. "मी कापड उलटं नाही केलं तर? मग हे बोट पिकणार. तोंड काय फक्त प्रेयरसाठी आहे? दुखते तर बोल. मी रोज बघायला येणार काय?" पेज दिलीत. मी ओरपून खाल्ली. आणि झग्याच्या खिशातून हे अंगुस्तान काढून माझ्या बोटात घातलंत. मोठं होत होतं. "वाढेल बोट," म्हणालात.

बोट वाढलं. अक्कल किती वाढली ते सांगते. कपाळावरचे फोड झाकायला मी विभूती लावू लागले. लग्नकार्याखेरीज जी कधी लावली नाही, ती रोज, जाड, तीन बोटं, भुवयांपर्यंत. डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि आदराने नजर खाली घेतली. देवाच्या खुणेखाली कोण बघणार? राखेने कातडी आणखी सुकली, फोडांना भेगा पडल्या, रात्री उशीला डाग. पण वरून फूल छान दिसत होतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई मंद्रूपहून आल्या आहेत, मी त्यांना अक्का म्हणते. पाटीभर कडक भाकरी घेऊन आल्या, आणि माझं तोंड आलंय म्हटल्यावर स्वतःच त्या मोडून ताकात भिजवत बसल्या. माझं कपाळ बघून खूश. "कान्व्हेंटची पोरगी शेवटी वाटेवर आली म्हनायची! जन्मभर सांगून दमले." मी हसले. तेवढंही खोटं.

काल दुपारी मोरीतून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधार आला. दाराची चौकट धरायला गेले, बोटं धरवेनात. शुद्धीवर आले तेव्हा फरशी गार लागत होती आणि अक्का माझं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने तोंड पुसत होत्या. विभूती धुऊन गेली होती. त्यांचा हात थांबला.

"आगं बया. हे काय गं?"

मी पदर कपाळावर ओढला.

"डाक्टरला दावलंस?"

"नाही."

"आन् जुलाब? सकाळपास्नं मोरीतच हाईस की. ते सांगितलंस?"

"नाही, अक्का. सांगितलं तर गोळी बंद करतील."

अक्कांनी ओलं फडकं बाजूला टाकलं. मग म्हणाल्या, "गोळी चालू ठेवून तूच बंद पडलीस मजी मग ती गोळी कुनाला घालायची? मला?" आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवाची राख लावून लपवाछपवी करतीस व्हय गं? मी मेली खूश व्हत बसले." मीठसाखरेचं पाणी चमच्याने पाजत त्यांनी ह्यांना कारखान्यात फोन लावला. ह्यांनी दवाखान्यात लावला. तिथून विचारलं, किती दिवसांपासून, लघवी होते आहे का, चक्कर कितीदा. ह्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. फोन हातात धरून ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी पडल्या पडल्या उत्तरं दिली, ती त्यांनी पुढे सांगितली, एकेक, मागच्या बाजूचे सगळे दोरे. तिथून म्हणाले, आत्ता घेऊन या. सलाईन लावली, रक्त तपासायला घेतलं, संध्याकाळी घरी सोडलं. माझे डॉक्टर गावाला गेले होते. मग तो फोन आला. रक्ताचा रिपोर्ट बघितला आहे, उद्याची गोळी घेऊ नका, सकाळी डॉक्टर स्वतः बघतील.

रिपोर्ट बघितला आहे. म्हणजे काय बघितलं? यातलं एक तरी वाक्य दिलासा म्हणून ऐकावं की नाही, मला कळत नाही. ह्यांनी मला समजावलं की थोडी विश्रांती देऊन कमी ताकदीची गोळी सुरू करतात, पुष्कळ जणांना करतात. हे त्यांना कुणी सांगितलं की त्यांनी रचलं, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, गाठीला आज कळेल. आज दोरी नाही हे तिला कळेल आणि ती वाढायला लागेल, आत्ता, हे लिहिते आहे तेव्हाच. मी श्वास घेऊन बघते. पुन्हा घेऊन बघते. खोकला येतो का, याची वाट बघते आणि घसा खवखवला की अंग गार पडतं.

तुम्ही गेल्याचं मला एका मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नात कळलं, जेवणाच्या पंगतीत, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. शेवटी फार दुखलं तुम्हाला, असं ती म्हणाली. तुम्ही कुणाला सांगितलं होतंत का? तुमचं कापड कुणी उलटं केलं का? मला हे विचारायचं होतं. तुम्ही सगळ्यांचं बघायचात म्हणून तुमचं बघायचं कुणाच्या ध्यानातच आलं नसेल, असं वाटून आज मला तुमच्यासाठीही भीती वाटते आहे, इतक्या उशिरा.

खाली ह्यांनी गाडी काढली आहे. अक्का दारात चपला घालून उभ्या आहेत. "आवर की. आन् आज तू सांगितलं न्हाईस तर मी सांगनार, आन् मी सांगाय लागले तर समदा दवाखाना गोळा हुईल." कपाळ मी धुतलं आहे. आरशात बघितलं नाही, पण हाताला सगळं लागतं आहे. मास्क लावणार नाही. हात टेबलावर ठेवणार. हे मी ठरवलं आहे, आणि मला वाटतं, हे जमेल.

पण एक सांगते. बशी आता रिकामी आहे. गोळी घेतलेली नाही. अंगुस्तानात ती बरोबर मावली. अंगुस्तान रुमालात बांधलं, रुमाल कमरेला खोचला. अक्कांना माहीत नाही, ह्यांना माहीत नाही. डॉक्टर "बंद" म्हणाले, तर रुमाल सोडून ती त्यांच्या पुढ्यात ठेवीन की येताना गाडीत मागच्या सीटवर बसून पाण्याशिवाय गिळून टाकीन, ते मला अजून माहीत नाही.