गळ्यावरच्या जांभळ्या रेषा

२४ मार्च १९९८
किरणांचा शेक नं. ७. स्वरयंत्रावर गाठ आहे. गळा न कापता शेकानंच जाईल, आवाज राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून तर होकार दिला. मशीन नेमकं लागावं म्हणून गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेषा. तिथं साबण नाही, वस्तरा नाही. बोलायचंही नाही. तीस वर्षं सभा गाजवल्या, आता पाटीवर 'पाणी' लिहून दाखवतो.

३ एप्रिल
थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी. दिनकर कागलहून आला. पंधरा वर्षं माझी ओळख करून देण्यापुरताच माईकपाशी जायचा. "दादा, कोडोलीच्या जयंतीला औंदा मी बोलावं म्हणत्यात. तुम्ही सांगाल तसं."
पाटीवर लिहिलं : बोल. खडू मोडला.

१४ एप्रिल
कोडोलीला जाणारच. निदान मंचावर दिसेन. पण आखलेला गळा घेऊन त्याच्या शेजारी? साबणानं घासल्या रेषा. कातडी आधीच भाजलेली. सुमन स्वयंपाकघरातून आली, "अवो, बाईनी नको म्हटलंय न्हवं?" तोवर पुसून झाल्या होत्या.

१५ एप्रिल
काल दिनकर पाऊण तास बोलला. चांगला बोलला, हे फक्त इथं लिहितो. माझं एकही वाक्य नव्हतं त्यात. असतं तर चोर तरी म्हणता आलं असतं. खाली उतरल्यावर एक म्हातारी मलाच म्हणाली, "तुमच्यापरास सावकाश बोलतोय की. समजतंय तरी."
आज मशीनवरचा शिंदे मान बघून थबकला. "रेषा कुठं हाईत, सर?" मापं नव्यानं. दोन दिवस शेक बंद. डॉक्टरीणबाई : "खंड पडला की गाठीचं फावतं. कशा पुसल्या?"
'घाम', मी लिहिलं.

२१ एप्रिल
शेक शुक्रवारपासून पुन्हा सुरू. दिनकरला आजऱ्याचं बोलावणं. त्याचा घसा बसावा असं वाटलं. क्षणभर नाही, दुपारभर. आणि मी म्हणे समतेवर बोलत आलेला माणूस.

८ मे
परवा शेवटचा शेक झाला. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरू दे, दोन महिन्यांनी दुर्बिणीतून बघू. रेषा पुसल्याचं खरं कारण लिहून दाखवलं, आणि खाली : त्या दोन दिवसांनी बिघडलं का? पाटी परत देत म्हणाल्या, "सांगता येत नाही."
न्यायला दिनकरच आला. "दादा, तुमचा आवाज परत आला की मी खाली बसतो." मनापासून म्हणाला. तेच जास्त झोंबलं.
घरी दार लावून 'मित्रहो' म्हणून बघितलं.
सुमन बाहेरून, "काय म्हणालासा?"
म्हणजे काहीतरी ऐकू गेलं. शब्द की नुसता वारा, विचारायचं धाडस होईना.